जीप घ्यावी ती तिच्या इंजिनासह

जुनी जीपगाडी विकत घ्यावी काय, आणि घेतलीच तर तिच्यातले मूळ इंजिन ठेवावे की काढून टाकावे, हा प्रश्न या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यातून लिहिणारा पडला गाणे शिकविणारा; त्याचा ग्रीस-ऑइलशी संबंध काय? शंका रास्त आहे. तथापि अलीकडे आपल्या इंदुरातील जुन्या घरांतून ही चर्चा इतक्या वेळा कानी आली, की ती केवळ मोटारींच्या शौकाची गोष्ट म्हणून सोडून देणे मला बरोबर वाटेनासे झाले आहे.

आपल्यापैकी कित्येकांच्या वाड्याच्या मागल्या चौकात ताडपत्रीखाली एखादी जीप उभी असते. कोणाच्या आजोबांनी ती शेतीवाडीसाठी घेतलेली, कोणाकडे सरकारी लिलावातून आलेली. विकावी म्हटले तर जीव होत नाही. ठेवावी तर जागा अडते. आणि नेमक्या याच गाड्यांची हल्लीच्या तरुण मंडळींना पुन्हा ओढ लागली आहे. ते गाडी घेतात, तिला रंग देतात, रुंद चाके चढवितात, आणि बहुधा पहिले काम हे करतात, की बॉनेट उघडून आतले पेट्रोल इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवतात आणि त्या जागी दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे डिझेल इंजिन बसवितात. माझे म्हणणे एवढेच, की ज्याला असे करावयाचे आहे त्याने जुनी जीप घेऊच नये. त्याने नवी गाडी घ्यावी. ती पळेलही अधिक आणि सुखाचीही असेल.

हे म्हणणे पटण्यासाठी त्या इंजिनाची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. त्यांतले इंजिन सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, साठ अश्वशक्तीचे होते. त्याचे मूळ १९२६ सालच्या ‘व्हिपेट’ नावाच्या एका साध्या मोटारीत होते; बार्नी रूस या अभियंत्याने ते सुधारून युद्धाच्या कामाचे केले. या इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारे आणि जळलेला वायू बाहेर सोडणारे असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, खालच्या ब्लॉकमध्येच होते. युद्धानंतर विलीसने याच इंजिनात एक फेर केला. आत घेणारे चार व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि बाहेर सोडणारे चार खाली ब्लॉकमध्ये तसेच ठेविले. शक्ती सत्तर अश्वशक्तीच्या पुढे गेली. पण इंजिन उंच झाले, आणि ते मावावे म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. १९५३ साली आलेली उंच कपाळाची ‘सी.जे. ३ बी’ ती हीच. अमेरिकेत १९६८ पर्यंत तशा सुमारे दीड लाख गाड्या निघाल्या. आपल्याकडे १९४७ पासून विलीसच्या जीपांचे सुटे भाग आणून जोडणाऱ्या महिंद्र कंपनीने हे रूप उचलले आणि अमेरिकेने सोडल्यानंतरही कित्येक वर्षे चालविले. आपल्या डोळ्यांसमोर ‘जीप’ म्हणताच जी आकृती येते ती या गाडीची.

अर्धे व्हॉल्व्ह वर आणि अर्धे खाली ही रचना जगात फारशी टिकली नाही. विलायतेतल्या पहिल्या लँड रोव्हरमध्ये ती होती. संस्थानिकांच्या आवडीच्या रोल्स-रॉइसमध्येही, ‘सिल्व्हर रेथ’मध्ये, तीच होती. पुढे सर्वच व्हॉल्व्ह वर ठेवणे सोईचे आणि फायद्याचे ठरले, आणि ही मधली वाट बंद पडली. म्हणून हे इंजिन आज दुर्मिळ. आपल्या देशात ते आणखी दुर्मिळ झाले, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. १९७३ नंतर जगभर तेलाचे भाव भडकले. ज्यांची जीप पोट भरण्यासाठी धावत होती, कापसाची बोचकी वाहत होती, बाजाराच्या दिवशी दहा-बारा माणसे नेत होती, त्यांना पेट्रोल परवडेना. कोणी ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसविले, कोणी मॅटाडोरचे. त्यांना मी मुळीच दोष देत नाही. ज्याच्या गाडीवर घर चालते त्याने गाडी कशी चालवावी हे त्यानेच ठरवावयाचे. पण आज जुनी जीप घेणारा माणूस पोटासाठी घेत नाही. तो हौसेसाठी घेतो. त्या शेतकऱ्याची अडचण याला नाही, आणि म्हणून त्याची सबब सांगण्याचा अधिकारही याला नाही.

हा सगळा विचार माझ्या मनात पक्का झाला तो बाजारहत्नूरला. हे गाव तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, आपल्या यवतमाळ-नांदेडच्या सीमेपलीकडे. नागपुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्याने आदिलाबाद ओलांडावे, गुडिहत्नूर मागे टाकावे आणि इच्चोड्याहून आत वळावे. काळी कापसाची जमीन, सागाचे जंगल, आणि जवळच कडेम नदीवरचा कुंतला धबधबा. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, १९५६ पासून आंध्र प्रदेशाचा आणि २०१४ पासून तेलंगणाचा झाला. पण घराघरांत तेलुगूच्या आणि गोंडीच्या शेजारी मराठी आहे तशीच नांदते. तिथे माझ्या आतेबहिणीचे सासर. तिच्या सासऱ्यांनी घेतलेली १९६८ सालची सी.जे. ३ बी भावोजींच्या गोठ्याशेजारी उभी होती आणि तिच्यात मूळ पेट्रोल इंजिन शाबूत होते. इकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला, जो तबला चांगला वाजवितो आणि चरितार्थासाठी औषधांचे दुकान चालवितो, अशीच जीप हवी होती. तेव्हा आम्ही दोघे निघालो.

गाडीला अगोदरच एक गिऱ्हाईक लागले होते. एका मोठ्या शहरातला दलाल भावोजींना आमच्या विद्यार्थ्याच्या तयारीपेक्षा तीस हजार रुपये अधिक देत होता. त्याला इंजिनाशी कर्तव्य नव्हते. त्याला हवा होता तो सांगाडा आणि कागदपत्रे. भाचीच्या नर्सिंगच्या कॉलेजची फी भरावयाची होती. तीस हजार रुपये त्या घरात थोडे नाहीत. आतेबहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, “दादा, तू गाण्याचा माणूस, तुला त्या इंजिनाचं काय ते वाटणार. पण पोरीची फी इंजिन भरत नाही.” तिचे म्हणणे खोडून काढण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते आणि मी ते खोडलेही नाही.

भावोजींनी इच्चोड्याहून एका वृद्ध मिस्तरींना बोलाविले होते. सारा गाव त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी बॅटरीकडे ढुंकूनही पाहिले नाही. स्पार्क प्लग काढून पुसले, कार्ब्युरेटरात दोन थेंब पेट्रोल सोडले, पुढून हँडल घातले आणि तिसऱ्या फेऱ्याला इंजिन जागे झाले. मग त्यांनी डोळे मिटले. हे मात्र माझ्या ओळखीचे होते. माझे वडील होळकर दरबारात अगदी कोवळ्या वयात सारंगीवर बसले, आणि १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर उरलेले आयुष्य त्यांनी शिकवण्या करून काढले. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. तरफा मिळविताना ते असेच डोळे मिटीत.

या इंजिनाचा पिस्टन त्याच्या रुंदीच्या मानाने पुष्कळ लांब पल्ला चालतो. म्हणून ते मंद गतीतच जोर धरते. उभ्या गाडीत ते मिनिटाला सहाशे फेरे घेते. चार सिलिंडर पहिला, तिसरा, चौथा, दुसरा या क्रमाने पेटतात. हिशेब केला तर सेकंदाला वीस ठिणग्या होतात, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला पाच. वीस बोल कानाला सुटे ऐकू येत नाहीत; त्यांची एक सलग घरघर होते. पण त्यांतला एक सिलिंडर लंगडला, की सेकंदाला पाच वेळा एक बोल गळतो आणि तो गळणे कानाला लगेच कळते. आमच्या तबलजीने चाचांच्या आधी बोट वर केले. चाचा हसले आणि म्हणाले, “हौ, तीन नंबर. आवाज सुनके काम करना पडता इसका.” त्यांनी बाजूची पत्र्याची झडप उघडली, आत हात घातला आणि खालच्या एका व्हॉल्व्हची फट जुळविली. फट ती कितीशी? इंचाच्या हजारांश भागांत मोजावयाची. पुन्हा हँडल मारले. आता घरघर एकसंध झाली होती.

त्यानंतर चाचांनी जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणाले, की हल्लीचे मिस्तरी वरचे झाकण उघडतात, वरचे चार व्हॉल्व्ह जुळवितात आणि काम झाले समजतात. खाली आणखी चार आहेत हे त्यांना ठाऊकच नसते. कारण त्यांनी शिकलेल्या कोणत्याही इंजिनात ते खाली नसतात. मग गाडी धूर ओकते, तापते, मालक कंटाळतो आणि म्हणतो, हे इंजिनच वाईट, काढून टाका. चाचांचा नातू त्यांच्या हाताखाली शिकतो. पण जिल्ह्यात अशी इंजिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील तर त्याने ते शिकून करावयाचे काय?

वाद्याच्या बाबतीत आपण हे पाहिलेले आहे. सारंगी बैठकीतून गेली ती ती वाईट वाजत होती म्हणून नव्हे. पेटी स्वस्त, लवकर शिकता येणारी, हवामानाने न उतरणारी. गेली ती सारंगी एकटी गेली नाही. तिच्याबरोबर आतड्याची तात वळणारे गेले, गजाचे केस बांधणारे गेले, तरफा जुळविणारा कान गेला. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालविली. त्यामुळे काही सारंगियांना नोकऱ्या मिळाल्या हे खरे. पण घरोघरच्या बैठकीत सारंगी परत आली नाही. नियमाने पेटी थोपविता येते. सारंगी वाजविणारा मात्र कोणीतरी त्याला बोलावले, पैसे दिले आणि बसून ऐकले तरच तयार होतो.

जीपच्या बाबतीत आज नियमही अनुकूल आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या ऐतिहासिक वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात असेल, तिच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसतील, तर वीस हजार रुपये फी भरून तिला दहा वर्षांची खास नोंदणी मिळू शकते. नूतनीकरणाची फी पाच हजार. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, तेल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणावयाची. रोज वापरावयाची असेल तर नेहमीची नोंदणी चालू ठेवून ठराविक मुदतीने तपासणी करून घ्यावी लागते. दोन्ही वाटांना मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम आडवे येतेच : परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवाचून इंजिन बदललेली गाडी कागदोपत्री दुसरीच गाडी होते. म्हणजे डिझेल इंजिन बसविणारा शौकीन नुसते इंजिन घालवीत नाही, तर गाडीचा ऐतिहासिक दर्जाही घालवून बसतो. पण मी म्हणतो तो मुद्दा याच्याही पलीकडचा आहे. खास नोंदणीची पाटी लावून जीप कायम बंद ठेविली तर चाचांच्या नातवाच्या पदरात काय पडणार? नियमाने इंजिन थोपेल. ते जुळविणारा हात थोपणार नाही.

विरुद्ध बाजूचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते पोकळ नाहीत. पेट्रोल महाग, भावोजींच्या अनुभवाप्रमाणे ही गाडी लिटरला आठ किलोमीटरांहून अधिक जात नाही. २००० सालापासून पेट्रोलातले शिसे गेले. ते आरोग्याच्या दृष्टीने चांगलेच झाले, पण जुन्या इंजिनातील व्हॉल्व्हच्या बैठका त्या शिशाच्या आधाराने टिकत. आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुने रबर खाते. या तिन्हींवर उपाय आहेत. हौसेची गाडी वर्षाकाठी चालते ती किती? तेवढ्या पेट्रोलाचा खर्च नवे इंजिन, त्याचा गिअरबॉक्स आणि ते बसविण्याची मजुरी यांहून थोडाच असावयाचा. व्हॉल्व्हच्या बैठका कठीण पोलादाच्या बसवून मिळतात. रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे घालता येतात. सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रारही अर्धीच खरी. आपल्या देशात ही गाडी इतकी वर्षे बनली, की जुन्या बाजारांतून बहुतेक भाग शोधल्यास सापडतात. सापडत नाही तो ते जोडणारा माणूस. आणि तो न सापडण्याला इंजिने काढून टाकणारे आपणच कारण आहोत.

बाजारहत्नूरच्या आसपास गोंडांची वस्ती आहे. त्यांच्या कुळांच्या कथा गाणारे परधान किक्री नावाचे वाद्य वाजवितात. तीन तारांचे, गजाने वाजवावयाचे, आमच्या सारंगीच्याच जातीचे. परधानाला त्याची यजमान घरे वाटून दिलेली असतात. ती घरे त्याला बोलावतात, धान्य देतात, आणि त्या बोलावण्यावर वाद्य आणि कथा दोन्ही जगत आली. माझ्या वडिलांना दरबार होता. जुन्या इंजिनाला आज यजमान कोण? सरकार नव्हे, कारखाना नव्हे. जो हौसेने जुनी जीप घेतो तोच तिचा यजमान. त्याने ती विकत घेताना एका वस्तूबरोबर एका माणसाचे काम विकत घेतलेले असते, आणि ते काम चालू ठेवणे हा त्या किमतीतलाच भाग आहे असे मी समजतो.

सौदा कसा झाला ते सांगतो, कारण नुसता उपदेश करून थांबणे बरे दिसत नाही. आमच्या विद्यार्थ्याने दलालाइतका भाव दिला नाही; तेवढे त्याच्यापाशी नव्हते. त्याने वीस हजार वाढविले, आणि उरलेल्या दहांबद्दल भावोजींनी स्वतः होऊन सूट दिली. भाचीची फी भरली गेली; पण बियाणांसाठी राखून ठेवलेल्या पैशांत तेवढी तूट पडली, हेही लिहावयास हवे. इंजिन वाचले ते काही फुकट वाचले नाही, आणि किमतीतला काही भाग एका कापूस पिकविणाऱ्या घराने उचलला. विद्यार्थ्याने एक गोष्ट मात्र आपण होऊन केली. आदिलाबादच्या परिवहन कार्यालयातून ना हरकत प्रमाणपत्र मिळून गाडी इंदुरास आली, तेव्हा त्याने चाचांच्या नातवाला जाण्या-येण्याचे भाडे आणि मजुरी देऊन आठ दिवस येथे ठेवून घेतले. त्या आठ दिवसांत आपल्याकडचे दोन मिस्तरी बाजूची झडप उघडून खालचे चार व्हॉल्व्ह जुळवावयास शिकले. त्यांतल्या एकाच्या हाती या दिवाळीपर्यंत अशा तीन गाड्या आल्या आहेत.

तेव्हा घेणारांनी एवढे करावे. ब्लॉकवर कोरलेला इंजिन क्रमांक आर.सी. बुकातील क्रमांकाशी ताडून पाहावा. गाडी थंड असताना सुरू करून मागावी. गरम करून ठेवलेली गाडी दाखविणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नये. निळा धूर आणि खालून येणारा ठोका यांचा भाव वेगळा काढून घ्यावा, आणि किमतीखेरीज दुरुस्तीचे पैसे अगोदरच बाजूला ठेवावे.

आणि ज्यांच्या चौकात ताडपत्रीखाली जीप आहे त्यांनी एकदम बॅटरी लावून चावी फिरवू नये. वर्षानुवर्षे बसलेले पिस्टन तशाने ओरखडतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, एक दिवस मुरू द्यावे आणि मग हँडलने हळूहळू फिरवून पाहावे. इंजिन फिरले तर गाडी जिवंत आहे. मग विकावयाचीच असेल तर खुशाल विकावी. पण दारात येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी जो आधी बॉनेट उघडा म्हणतो त्याला पहिला भाव सांगावा, आणि जो टेप घेऊन नुसती लांबी-रुंदी मोजू लागतो त्याला चहा पाजून वाटेला लावावे.